नदीचं मधलं वय

दुपारी पाऊस उघडला म्हणून खाली उतरले, तर गेटसमोर गाळाचा पंखा पसरलेला. घोडबंदर रोडच्या आमच्या बाजूला येऊरचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी, अर्थातच, नवं बांधकाम. तिथली सुटी माती उतारावरून धावत आली आणि रस्ता सपाट झाला तिथे बसली. तोंडाशी खडी आणि मुरूम, पुढे भरड वाळू, आणि पार रिक्षा स्टँडपाशी लोण्यासारखा मऊ चिखल, त्यात कुणाच्या तरी चपलेचा स्वच्छ ठसा. वॉचमन फावडं-घमेलं घेऊन आला. मी तिथेच उभी, तेव्हा त्याने काळजीने विचारलं, "मॅडम, काही पडलं का तुमचं?"

पंखाकृती मैदान, असं त्याला कसं सांगणार? शाळेत पेन्सिलीने टिंबंटिंबं देऊन काढलेलं. खनन, वहन, संचयन. पाण्याचा वेग ओसरला की जड ते आधी टाकायचं, हलकं ते शेवटपर्यंत न्यायचं. एवढं एकदा पटलं की त्या धड्यात उरतात त्या आकृत्या आणि निघोजचे रांजणखळगे.

माझं भांडण आहे ते पुढच्या धड्याशी. तरुण नदी, प्रौढ नदी, वृद्ध नदी. गोदावरीला हे शोभतं. अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर, त्र्यंबकला जन्मून ती पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. एवढ्या वाटेत सगळी वयं होतात, शेवटी त्रिभुज प्रदेशही होतो. पण आमची उल्हास? राजमाचीच्या खालच्या दऱ्यांतून धडाधड उतरते, कर्जतला जरा श्वास घेते, बदलापूरपासून वळणं घेत रेंगाळते, आणि कल्याण येतं न येतं तो खाडीचं पाणी उलटं अंगावर येतं. 122 किलोमीटर, संपलं. तारुण्यातून थेट गुडघेदुखीत. कोकणातल्या नद्यांना मधलं वय मिळतच नाही, असं माझं ठाम मत आहे आणि भूगोलाच्या लोकांनी ते मनावर घेऊ नये.

त्या रेंगाळण्यातही उल्हास गप्प नसते. माझ्या मामाची भातजमीन बदलापूरच्या पुढे नदीच्या एका वळणावर होती, नेमकी बाहेरच्या अंगाला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा नदी शहाण्यासारखी खाली वाहत असायची, पण काठ उभा कापलेला, आणि कापातून करंजाची मुळं लोंबत असायची. आम्हाला कडेला जायची बंदी. "खालून पोखरलेलं असतं, वरून कळत नाही," मामा म्हणायचा. एकदा आम्ही बघतानाच गाडीएवढं ढेकूळ सुटलं. आधी गवताला बारीकशी चीर, मग काही नाही, मग धप्प. पाणी जरा गढूळ झालं आणि पुढे गेलं. समोरच्या काठाला, वळणाच्या आतल्या अंगाला, पाणी संथ. तिथे दरवर्षी थोडी मळई, म्हणजे गाळाची नवी जमीन, वाढायची आणि कुणीतरी तिच्यात वाल टाकायचा. त्या वालाच्या शेंगा आमच्याकडे कधी आल्या नाहीत. आल्या असत्या तरी मामीने शिजवल्या नसत्या.

"सात-बाऱ्यावर आहे की अजून सगळी," मामा हसून म्हणायचा. आपल्या 1966 च्या जमीन महसूल कायद्यात मळईचाही विचार आहे आणि वाहून गेलेल्या जमिनीचाही. पण त्यासाठी अर्ज करायचा, तलाठ्याला नदीवर न्यायचं. मामाने ते कधी केलं नाही. नदीची तक्रार करायची कुठे, हा त्याचा मुद्दा.

ती माती इकडेच आली, दुसरीकडे कुठे जाणार? ठाण्याच्या वर उल्हास दोन वाटा करते, मोठी घोडबंदरवरून वसईकडे, धाकटी कळव्याच्या पुलाखालून ठाण्याच्या खाडीत. गोड्या पाण्यात तरंगत आलेले मातीचे बारीक कण खाऱ्या पाण्यात शिरले की एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. भरती त्यांना मागे ढकलते, ओहोटी पुढे ओढते, तिवरांच्या मुळांत काही कायमचे अडकतात. त्याच चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात आणि त्याच्यावरच चोची उलट्या करून रोहित पक्षी चरतात. 2022 साली या खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला तेव्हा पेपरात गुलाबी फोटो होते. चिखलाचा एकही नव्हता.

आणि वाळू? ती आम्ही लोकांनी काढली. डुबी मारून बादलीने, मग सक्शन पंपाने. ठाण्यातल्या कितीतरी जुन्या इमारतींत खाडीची रेती आहे, आमच्या इमारतीतही असणार. पावसाळ्यात भिंतींना खारट फुलोरा येतो. मागे मामाला फोनवर म्हटलं, तुझ्या जमिनीतलं थोडंफार बहुतेक आमच्या बेडरूमच्या भिंतीत आहे.

"मग भाडं पाठव," मामा म्हणाला.