पडद्यावर शून्य हर्ट्झ होतं

पाण्याच्या पंपाची १५ किलोवॅटची, मिनिटाला २९०० फेऱ्यांची मोटर. पाइपात कायम ५ बार दाब राहावा म्हणून ती ड्राइव्हवर, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, चालवलेली. दोन आठवड्यांपासून बेअरिंगची घरघर वाढत होती. त्या दिवशी पाण्याला मागणी नव्हती, तेव्हा सकाळीच काम काढलं. मदतनीस कपलिंगचा, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाचा, गार्ड सोडायला बसला. पंप बंद आहे, हे आम्ही दोघांनीही ड्राइव्हच्या पडद्यावर वाचलं होतं : ०.०० हर्ट्झ.

पंप बंद नव्हता, झोपलेला होता. मागणी नसली आणि दाब पुरेसा असला की ड्राइव्ह मोटर थांबवतो आणि दाब उतरायची वाट बघत बसतो. स्लीप मोड म्हणतात त्याला. तो दिवसातून दहा वेळा मी बघत होतो. पॅरामीटर मीच भरले होते. तरी त्या सकाळी माझ्या डोक्यात ‘थांबलेला’ आणि ‘बंद’ यांत फरक उरला नव्हता.

हात रिकामे होते म्हणून मी मधल्या वेळात प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे पाइपातला दाब मोजून ड्राइव्हला कळवणारा सेन्सर, तपासायला घेतला. त्याच्या आधीचा छोटा व्हॉल्व्ह बंद केला आणि व्हेंट उघडला. दाब काढून घेतल्यावर तो बरोबर ४ मिलिअँपिअर, म्हणजे शून्य दाबाचा सिग्नल, देतो का, एवढंच बघायचं होतं. पाइपातला दाब जागच्या जागी होता. पण ड्राइव्हला पाइप दिसत नाही, ट्रान्समीटर सांगेल तेच खरं. ट्रान्समीटरने दाब शून्य सांगितला आणि ड्राइव्ह जागा झाला.

मदतनीस नेमका त्याच क्षणी पाना घ्यायला मागे वळला होता. कपलिंगवर टाकलेलं पुसायचं फडकं आधी सावकाश फिरलं, मग गुंडाळलं गेलं आणि पुढच्या क्षणी चिंध्या होऊन भिंतीवर आपटलं. मी धावत जाऊन स्टॉप दाबला. वेग चढवायचा रॅम्प ३ सेकंदांचाच होता, त्यामुळे तोवर मोटर पूर्ण वेगाला पोचली होती. त्या फडक्याच्या जागी एक मिनिट आधी त्याची बोटं होती.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, शून्य दाखवत होतं ना?”

मी त्याला सांगितलं की चूक माझी आहे. सप्लाय न तोडता गार्ड काढू दिला ती एक, आणि चालू यंत्रणेच्या सेन्सरला हात लावला ती दुसरी.

जुन्या स्टार्टरवर शिकलेल्या आमच्यासारख्यांचे कान एका आवाजाला सरावलेले असतात. स्टार्टरमधला मोठा स्विच, कॉन्टॅक्टर, खाडकन बसतो, मोटर हिसका देते, आणि माणूस आपोआप मागे सरतो. ड्राइव्ह असा आवाज देत नाही. बारीक शिट्टीसारखा सूर येतो आणि शाफ्ट सावकाश फिरू लागतो. ड्राइव्हवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी, असं मला फार वाटतं. वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू ठेवलेली असेल, तर तीही अशीच न सांगता येते. आपत्कालीन बटण दाबलं तरी बहुतेक ठिकाणी मोटरची ओढ थांबते, एवढंच. आतला सप्लाय तसाच असतो.

आम्ही काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मेन स्विच खाली, हँडलला त्याचं एक कुलूप आणि माझं एक, किल्ल्या आपापल्या खिशात. कंट्रोलचे २३० व्होल्ट दुसऱ्या पॅनेलमधून येत होते, तेही तोडले. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद केला, कारण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर उलटं येणारं पाणी पंप फिरवतं. मोटर परमनंट मॅग्नेटची असेल तर अशा फिरण्याने तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज तयार होतं, मग ड्राइव्ह बंद का असेना.

त्यानंतर थांबणं. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हच्या पोटातल्या डीसी बसवर साधारण ५८७ व्होल्ट असतात, आणि स्विच पाडला तरी कपॅसिटर ते धरून ठेवतात. आमच्या ड्राइव्हच्या पाटीवर १० मिनिटं थांबा असं लिहिलेलं होतं. चार्जचा दिवा विझला की माणसाला घाई सुटते, पण दिवाही खराब होऊ शकतो. म्हणून मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघितला, मग डीसी प्लस-मायनसवर. १० मिनिटांनंतरही २२ व्होल्ट होते, हळूहळू उतरत होते. तो आकडा मदतनिसाला मोठ्याने वाचायला लावला. ४ व्होल्टवर आल्यावर मीटर पुन्हा चालू सप्लायवर तपासला आणि मगच मोटरच्या केबल सोडल्या.

केबल दोन्ही टोकांना सुटी करूनच मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला. केबल ड्राइव्हला जोडलेली असताना मेगरचे ५०० किंवा १००० व्होल्ट सोडले तर आतले ट्रान्झिस्टर जातात. वाइंडिंग उत्तम निघालं.

बेअरिंग मात्र बोलकं होतं. ग्रीस काळं पडलेलं आणि बाहेरच्या रिंगच्या आतल्या बाजूला आडवे पट्टे, मोजून आखल्यासारखे सारख्या अंतराचे. झीज अशी शिस्तीत होत नाही, हे विजेचं काम. ड्राइव्ह मोटरला गुळगुळीत लहर देत नाही. तो डीसी व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा तोडून देतो, आणि त्यात तिन्ही फेजची बेरीज शून्य होत नाही. त्यातून शाफ्टवर व्होल्टेज चढतं. ग्रीसचा पातळ थर सहन करेनासा झाला की ठिणगी बेअरिंगमधून अर्थकडे उडी मारते आणि पोलादाला सूक्ष्म खड्डा पाडते. असे असंख्य खड्डे झाले की हे पट्टे उमटतात. याआधी दोनदा आम्ही ‘बेअरिंग हलक्या प्रतीचं’ म्हणून बदललं होतं. कारण तसंच राहिलं, याची मला आता चुटपुट लागते.

या वेळी मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग घातलं, कपलिंगच्या बाजूला शाफ्टवर अर्थिंगची रिंग बसवली, आणि साधी केबल काढून शिल्डची, म्हणजे वरून धातूचं आवरण असलेली, टाकली. शिल्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाकार क्लॅम्पने पकडली, शेपटी पिळून स्क्रूखाली दाबली नाही. हे सगळं साहित्य यायला पाच दिवस लागले. तेवढे दिवस दुसऱ्या पंपावर काढले.

पॅरामीटरही बसून तपासले. ट्रान्समीटरची वायर तुटली, म्हणजे सिग्नल ४ मिलिअँपिअरच्या खाली गेला, तर ड्राइव्हने ट्रिप व्हावं, म्हणजे दोष दाखवून मोटर थांबवावी, ही सोय बंदच होती. ती चालू केली. माझ्या चुकीत तिचा उपयोग झाला नसता, कारण मी दिलेला सिग्नल पुरा ४ मिलिअँपिअर होता, खरा वाटणारा. किमान फ्रिक्वेन्सी ३० हर्ट्झ ठेवली. त्याखाली आमचा पंप पाणी चढवतच नव्हता, तेच पाणी आत घुसळून तापवत होता. मोटरच्या शेपटीचा पंखाही तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणून वेग पडला की वारा पडतो.

सहाव्या दिवशी सुरू करायची वेळ आली. गार्ड बसवून मदतनिसाने चारही बोल्ट पुन्हा आवळून बघितले, फडकी आणि पाने मोजून पेटीत टाकले. मी स्विचपाशी उभा होतो. त्याने खिशातून किल्ली काढली आणि स्वतःचं कुलूप उघडलं. मग मी माझं.