पित्ताची पिशवी फुटली, तरी पाच दिवस मी ‘बरा’ होतो

सायकल घसरली आणि हँडलचं टोक उजव्या बरगड्यांखाली पोटात रुतलं. दोन क्षण श्वासच लागेना. नंतर पाहिलं तर कातडीवर हँडलच्या टोकाएवढा गोल काळानिळा डाग, बस्स. रक्ताचा थेंबही नाही.

सोनोग्राफीत यकृताखाली थोडं पाणी दिसलं. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन ठीक होतं. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी हिमोग्लोबिन तेवढंच भरलं आणि मला घरी सोडलं. “बरं वाटतंय ना?” “हो.” खोटं बोललो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी पोट तट्ट फुगलं, जेवण नकोसं झालं. उजवा खांदा दुखत होता, तो पडल्यामुळे असेल असं मीच ठरवून टाकलं. पाचव्या दिवशी दाढी करताना आरशात डोळे पिवळे दिसले.

या वेळी शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन केला. पित्ताशय टपोरं दिसायला हवं, ते चेपलेलं होतं. भिंतीची कडा एका जागी पुसट आणि भोवती पाणीच पाणी. सोनोग्राफीवर बघत पोटात सुई घातली, तर सिरिंजमध्ये हिरवट तपकिरी पित्त आलं. ते कुठून गळतंय हे पाहायला हायडा स्कॅन. त्यात किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, यकृत ते पित्तात सोडतं आणि कॅमेरा त्याचा माग काढतो. तासभर निपचित पडून राहायचं, एवढाच त्रास. औषध आतड्यात उतरलं, पण पित्ताशयापाशी बाहेर पडून पोटाच्या उजव्या कडेनेही पसरत गेलं.

सर्जनबाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. पित्ताशय यकृताच्या आडोशाला असतं, त्यामुळे मुक्या माराने एकटं तेच फुटणं फार विरळा. मी सकाळी उपाशीपोटी निघालो होतो. जेवल्यावर पिशवी रिकामी होते, उपाशीपोटी भरलेली असते, आणि भरलेली पिशवी लवकर फुटते. ताज्या पित्तात सहसा जंतू नसतात, म्हणून पोट लगेच बोंब मारत नाही. सांडलेलं पित्त पोटाच्या अस्तरातून रक्तात शोषलं गेलं, त्याने डोळे पिवळे झाले. खांदा दुखत होता तो श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, चुरचुरल्यामुळे; त्याची कळ खांद्यात जाणवते! ‘हो’ म्हणालो तेव्हा गळती सुरूच होती, हे कळल्यावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

पिशवीला नुसता मुका मार असता तर लक्ष ठेवून थांबता आलं असतं. फाटलेली मात्र काढूनच टाकायची. दुर्बिणीतून करू, पण गरज पडली तर पोट उघडू, यावर आधीच सही घेतली. चार छिद्रांत भागलं. जवळजवळ दीड लिटर पित्तमिश्रित पाणी उपसलं, पोट धुतलं, यकृत, पित्तनलिका आणि आतडीही तपासली. शेजारच्या अवयवांना इजा असण्याची शक्यता मोठी असते म्हणे.

पोटातलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीच्या, म्हणजे ड्रेनच्या, पिशवीत पहिल्या दिवशी हिरवट, तिसऱ्या दिवशी फिकट गुलाबी पाणी. चौथ्या दिवशी सिस्टरनी “खोका” म्हणत नळी ओढली. आतून गांडूळ सरकल्यासारखं वाटलं. पुढे महिनाभर तेलकट खाल्लं की धावाधाव.

अजूनही भेटणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, “खडे किती निघाले?” एकही नाही.