मेळघाट, सायकल आणि कापसाचा काटा

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीपासून आमचं गाव जवळच. पाऊस उघडला की शेतातून उत्तरेला मेळघाटातल्या गाविलगडाच्या डोंगराची निळी रांग स्वच्छ दिसते. मोटरसायकलनं तिकडं दहादा जाऊन आलोय, पण सायकलला सामान बांधून तीन-चार दिवस तिकडंच फिरायचं हे खूळ मागच्या वर्षी डोक्यात शिरलं. मामेभावाला सांगितलं तर तो म्हणे, "दादा, घरी गाडी हाये ना, मंग सायकल कायले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण आठ दिवसांनी त्यानंच आपली गिअरची सायकल धुवून काढली, म्हणजे झालं.

तारीख ठरवायला फार डोकं लावावं लागलं नाही. पावसाळ्यात घाटात धुकं आणि चिखल, एप्रिल-मेत आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे, आणि मधल्या काळात सोयाबीन-कपाशी कोणाला सोडत नाही. शेवटी पहिली वेचणी आटोपली, हरभरा पेरून झाला आणि डिसेंबरचा पहिला आठवडा धरला.

मग मी वहीत प्लॅन लिहिला, आणि तिथंच गाढवपणा केला. परतवाडा, धामणगाव गढी, चिखलदरा, मग घटांगवरून सेमाडोह, हरिसाल, धारणी. सगळं किलोमीटरमध्ये मांडलं, दिवसाला इतके, तासाला बारा. सपाट रस्त्यावर तासाला बारा होतात हो, पण परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सातशे मीटरच्या वर चढायचं असतं (चिखलदरा १,११८ मीटरवर आहे) आणि त्यातला बहुतेक चढ धामणगाव गढीच्या पुढं एकदम अंगावर येतो. माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढं २८ दात, मागं २८ दात. पायडलचा एक फेरा मारला की चाकाचाही एकच फेरा, म्हणजे जेमतेम दोन मीटर. तिथं तासाला पाच-सहा मिळाले तरी हात जोडायचे. आणि डिसेंबरात पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं अंधारात सायकल चालवायची नाही हे घरच्यांनी आधीच बजावलेलं. मग किलोमीटर खोडले आणि प्रत्येक दिवसापुढं फक्त एवढंच लिहिलं: चार वाजता कुठं असायचं, आणि पाणी कुठं भरायचं.

तंबूचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. जंगलात कुठंही तंबू ठोकता येत नाही आणि रस्ता सोडून आत घुसायचं तर नावच नको. चिखलदऱ्याला लॉज, सेमाडोहला वनखात्याच्या पर्यटन संकुलात खोली, धारणीला परत लॉज. एका ठिकाणी फोनवर "या ना, होऊन जाईन" म्हणाले होते, गेलो तर सगळं फुल्ल, रात्र कशीबशी काढली. तेव्हापासून "होऊन जाईन" ला मी बुकिंग धरत नाही.

आता सामान. महागड्या बॅगा घ्यायची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. खताच्या दोन रिकाम्या गोण्या धुतल्या, आत कपडे-चादर, बाहेरून मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. ही पट्टी दोरीपेक्षा शंभरपट बरी, दोरी खड्ड्यात सैल होते, रबर आवळूनच राहतं. पण ट्रायल म्हणून भरल्या सायकलनं परतवाड्याला जाऊन आलो तर येताना मागच्या चाकाची तार तुटली आणि कॅरिअरचा बोल्ट गळून पडला. सायकलवाल्यानं तार टाकली, चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढला, आणि म्हणाला, "भाऊ, चाकाचा दोष नाही, वझं पाय किती टाकलं."

घरी येऊन कापूस तोलायच्या टांगत्या काट्याला दोन्ही गोण्या लटकवल्या. सतरा किलो! बाबा बाजेवर बसून बघत होते, म्हणे, "वेचणीच्या बाईनं अर्ध्या दिवसात एवढा कापूस आणला असता तर बरं झालं असतं." मग काढायला बसलो. जास्तीचे बूट गेले, स्टोव्ह गेला, पातेलं गेलं, दुसरी पँट गेली. मोठा पाना, ब्रेकच्या रबरांची जास्तीची जोडी, दुसरा टॉर्चही गेला. राहिलं काय तर दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, हवेचा पंप, स्वेटर, गूळ-शेंगदाणे आणि आईच्या दशम्या-ठेचा, त्याला हात लावायची हिंमत नव्हती. काटा नऊ किलोवर आला. मी खूश.

आणि खरं सांगतो, चढ जमला. धामणगाव गढीच्या पुढं बरंचसं चालत, सायकल ढकलत, पण तीनच्या आत चिखलदरा, वर रबडी, रात्री अशी थंडी की स्वेटरसकट झोपलो.

घोळ झाला दुसऱ्या दिवशी. चढाची इतकी तयारी केली होती की उताराचा विचारच नव्हता. घटांगकडे उतरताना ओझ्यामुळं सायकल थांबेना, ब्रेक दाबून दाबून मागून खर्रर्र आवाज यायला लागला, पाहतो तर रबर संपून पत्रा रिमला घासतोय. पुढचं एक रबर काढून मागं लावलं, भागलं नाही. ज्या डोंगरावर चढून आलो त्याचाच दुसऱ्या बाजूचा उतार चालत उतरलो, मामेभाऊ पुढं जाऊन वळणावर बसून हसतोय. सेमाडोहला सिपना नदीचं पाणी दिसलं तेव्हा चार नाही, सव्वापाच वाजले होते.

नवीन रबरं धारणीला मिळाली. परत एका रिकाम्या पिकअपमध्ये सायकली टाकून आलो. घरी आल्यावर ती मागं ठेवलेली रबरांची जोडी शोधली आणि सहज त्याच काट्याला लटकवून पाहिली. काटा हललाच नाही.