मायनसमधलं उजनी आणि पाणी मोजणारी माणसं

सोलापूर, मे अखेर

भीमेवरचं उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे शून्य टक्क्यांच्या खाली गेलं की सगळ्या सोलापूरचं बोलणं टक्क्यांत सुरू होतं. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं, असा समज अजूनही घट्ट आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्केवारी काढतात ती वरच्या ५३ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे उणे ४० टक्क्यांनाही हिशेबाने ४२ टीएमसीच्या आसपास पाणी उरतं. हिशेबाने म्हणायचं, कारण तळाशी गाळ किती साचलाय ते तळ नव्याने मोजल्याशिवाय कळत नाही.

जलविज्ञानात करिअर करू पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी असे आकडे उलगडायला शिकावं. बाष्पीभवन घ्या. ते मोजायला पाण्याने भरलेलं उघडं पात्र ठेवतात. त्याचा व्यास १.२२ मीटर, रोज सकाळी साडेआठला पातळी वाचायची. पात्र चहूबाजूंनी तापतं, म्हणून तलावासाठी आकडा साधारण ०.७ ने गुणतात. समजा मे महिन्यात पात्रातून दिवसाला १२ मिलिमीटर पाणी उडालं आणि जलाशयाचा पसारा २०० चौरस किलोमीटर धरला, तर रोजचे १६८ कोटी लिटर गेले. सतरा दिवसांत एक टीएमसी! पात्रात कावळे पाणी प्यायले तरी आकडा फुगतो, म्हणून वर जाळी हवी. जाळीच्या सावलीने आकडा थोडा कमी येतो, तीही दुरुस्ती धरावी लागते.

नदीचं मोजमाप याहून अवघड. नदीच्या रुंदीचे उभे पट्टे पाडायचे. एका पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या, दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पटीवर वेग घ्यायचा, खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर घेऊन सरासरी काढायची. वेग गुणिले क्षेत्रफळ, मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज. भीमेत जलपर्णीचा धागा वेगमापकात अडकला की चक्र मंदावतं आणि विसर्ग खोटाच कमी दिसतो. दर पट्ट्यानंतर यंत्र वर काढून, चक्र हाताने फिरवून बघावं.

एवढं करून पातळी-विसर्गाचा आलेख तयार होतो. पुढे नुसती काठावरची पातळी दाखवणारी पट्टी वाचून विसर्ग सांगता येतो, पण तळ बदलला नसेल तरच. वाळू उपशाने पात्र खोल गेलं की पट्टीवर तोच आकडा असताना खालून जास्त पाणी वाहतं आणि जुना आलेख कमी सांगतो. पुराच्या रात्री ही चूक फार महागात पडते, आणि ती टाळता येण्यासारखी असते. पावसाळ्याआधी आणि मोठ्या पुरानंतर नदीपात्राचा आडवा छेद पुन्हा मोजायलाच हवा.

नेतृत्वाची खरी कसोटी इथेच लागते. दौंडकडून उजनीत येणारी आवक वाढलेली, उजनी भरत आलेलं, तिकडे नीरा नदीवरच्या वीर धरणातूनही पाणी सुटलेलं. दोन्ही प्रवाह नीरा-नरसिंहपूरला एकत्र येतात आणि खाली पंढरपूर आहे. दोन्ही पुरांची शिखरं संगमावर एकाच वेळी पोहोचू नयेत म्हणून एका धरणाचा विसर्ग आधीच, टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. आकड्यात चूक किती असू शकते हे ज्याला माहीत आहे, तोच वेळेत निर्णय घेतो. उन्हाळ्यात नदीतून सोलापूरसाठी पाणी सोडतानाही तेच: कोरडी वाळू, ऊन आणि दोन्ही काठांवरचे पाणी उपसणारे मोटारपंप यांची तूट आधी धरली नाही, तर बंधाऱ्यापर्यंत पाणी अपुरं पोहोचतं.

या वाटेला स्थापत्य किंवा भूशास्त्र, दोन्हींकडून येता येतं. पुढच्या शिक्षणासाठी रुरकीला आयआयटीचा जलविज्ञान विभाग आहे, राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही तिथेच. राज्यात जलसंपदा विभाग आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा. १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळवणारे माधवराव चितळे महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यातूनच पुढे आले. संगणकावरची प्रारूपं जरूर शिकावीत, पण पहिले दोन पावसाळे नदीवरच काढावेत.