सभामंडपातले फोटो: मऊपणा आणि ग्रेन, आतापर्यंतची प्रगती

देवळाच्या सभामंडपात काढलेले भजनाचे फोटो मऊ (पुसट) आणि दाणेदार का येतात, हे कोडं बरंचसं सुटलंय, म्हणून ही नोंद जरा सविस्तर. सामान तेच: एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स, आणि आता जोडीला ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत). उजेड म्हणजे दोन एलईडी ट्यूब आणि गाभाऱ्याच्या दाराशी एक पिवळा बल्ब. फ्लॅश नाही. भजन रंगात आलेलं असताना बुवांच्या डोळ्यांवर लखलखाट करणं मला पटत नाही.

आधी मऊपणा. फोटो शंभर टक्के मोठा केला की हल्ली मी चेहऱ्याआधी पखवाज बघतो. डाव्या पुडीवर थापलेली कणीक, वाळत आल्यावर तिच्या कडेला पडलेल्या बारीक भेगा, चामड्याच्या वादीखाली सरकवलेले लाकडी गट्टे. भेगा स्पष्ट आणि बोटं तेवढी पुसट असतील तर हात हलला, म्हणजे शटरचा वेग कमी पडला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर कॅमेरा हलला. मागच्या खांबावरचे रंगाचे पोपडे स्पष्ट आणि पखवाज मऊ, तर फोकस मागे गेला. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आणि ट्रायपॉड फक्त कॅमेरा हलण्यावर चालतात, वाजवणाऱ्याच्या हातावर नाही.

किट लेन्सवर ५५ला एफ ५.६, शटर १/६० सेकंद आणि आयएसओ (उजेडाला सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० अशी सेटिंग बसत होती. ५० एमएमवर एफ २ ठेवलं की तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) हाताशी येतात. त्यातले दोन शटरला दिले, एक आयएसओला: १/२५० आणि १६००. फरक पहिल्याच फ्रेममध्ये दिसतो. पण दीड मीटरवरून एफ २ला जेमतेम सात सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. बुवा तान घेताना पुढे झुकले की डोळे त्यातून बाहेर. म्हणून मधला फोकस पॉइंट, कंटिन्युअस ऑटोफोकस (फोकस सतत जुळवत राहणारा), आणि तो धरायला टोपीची कड किंवा चष्म्याची फ्रेम. सपाट गालावर कॅमेऱ्याला पकडायला काही मिळत नाही, फोकस मागेपुढे शोधत बसतो.

एलईडीची एक अडचण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि १/२५०ला फोटोत आडवे पट्टे येतात. १/१००ला ते जातात, पण हात पुन्हा पुसट होऊ शकतो. मग हात वर जाऊन परत फिरायच्या क्षणी बटण दाबायचं. तिथे तो निमिषभर थांबतोच. हा क्षण पकडता येऊ लागला, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

आता ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे. आयएसओला घाबरून अंधारा फोटो काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळायचा, हा सल्ला खूप जण देतात; माझ्या मते तो सोडून द्यावा. सेन्सरवर प्रकाशच कमी पडला असेल तर तो उचलताना सावलीतले दाणेही वर येतात. १६००ला नीट उजळ काढलेली फ्रेम ८००च्या काळवंडलेल्या फ्रेमपेक्षा स्वच्छ दिसत नसली, तरी वाईट नक्कीच दिसत नाही, आणि जेपेगमध्ये तर सरसच ठरते. पांढऱ्या सदऱ्यांमुळे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि फोटो काळपट येतो, तिथे मी +२/३ स्टॉप जास्त देतो. पिवळ्या बल्बजवळ दाणे जास्त दिसतात, कारण त्या उजेडात निळा भाग मुळात कमी. व्हाइट बॅलन्स सुधारताना, म्हणजे तो पिवळेपणा काढताना, निळा चॅनल ताणला जातो. तिथल्या काही फ्रेम सरळ कृष्णधवल केल्या, छान दिसतात.

कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन कमीवर आणलंय. ते जोरात असलं की दाण्यांबरोबर दाढीचे खुंट आणि कणकेच्या भेगाही पुसल्या जातात, आणि तो मऊपणा फोकसचा वाटतो. खात्री करायची तर तीच फ्रेम रॉमध्ये (कॅमेऱ्याने न सुधारलेल्या मूळ फाइलमध्ये) उघडून बघावी.

किट लेन्समध्ये टॉर्च मारून पाहिली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरायला लागली आहे, पावसाळी दमटपणाची. ती साफ करायला दिली आहे. ५० एमएम आता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. पुढच्या बैठकीत पखवाज ट्यूबच्या जवळ घेता येईल का, हे मंडळींना विचारणार आहे.