कोर्स अर्धवट सोडला तर काय बिघडतं?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे मी. तीन वर्षांत नऊ ऑनलाइन कोर्स सुरू केले, पूर्ण झाले दोन. भाचा विचारतो, मामा सर्टिफिकेट कुठंय? बरेच दिवस हे मनाला लागून होतं.

पण बघा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स मी चौथ्या आठवड्यात सोडला. मला फक्त तिन्ही शिफ्टच्या एक्सेल फाइली एकत्र करून मशीनवार बोअरची (पार्टमधल्या भोकाच्या मापाची) रीडिंग काढायची होती, पांडास या पायथनच्या डेटा हाताळायच्या टूलमधलं तेवढं जमलं, रोजचं पाऊण तासाचं कॉपी-पेस्ट गेलं, पुढं प्रोग्रामिंगमधलं क्लास आणि इनहेरिटन्स सुरू झालं त्याचं मला काम नव्हतं म्हणून थांबलो. आणि जो कोर्स दीडपट स्पीडनं व्हिडिओ पळवत, क्विझ तीन-तीनदा देऊन शंभर टक्के केला, त्यातलं आज काही विचारलं तर सांगता येणार नाही.

२०१९ ला सायन्स या जर्नलमधे एक अभ्यास आला होता, एडएक्स या ऑनलाइन साइटवरच्या एमआयटी-हार्वर्डच्या कोर्सेसचा. २०१७-१८ मधे नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्केच लोकांनी कोर्स पूर्ण केला, पण पैसे भरून व्हेरिफाइड झालेल्यांमधे हेच प्रमाण ४६ टक्के. म्हणजे बाकी सगळे नापास का? फुकट नाव नोंदवायला एक क्लिक लागतं हो. १८४० पासूनचं आपलं सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, तिथून पुस्तक आणून दोन प्रकरणं वाचून परत केलं तर कुणी विचारतं का, पूर्ण का नाही वाचलं म्हणून?

एक कोर्स सोडला त्याचं मात्र वाईट वाटतं. एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) स्टॅटिस्टिक्सचा होता, कंट्रोल चार्टच्या, म्हणजे प्रोसेस स्थिर आहे का ते दाखवणाऱ्या आलेखाच्या आठवड्यात असाइनमेंट चुकायला लागल्या आणि मी ऑडिटचं कारण सांगून बंद केला. काम झालं म्हणून नाही, अवघड गेलं म्हणून. सहा महिन्यांनी कस्टमरसमोर सीपीके (माप ठरलेल्या मर्यादेत किती आरामात बसतं त्याचा आकडा) १.६ दाखवला, त्यांनी शांतपणे विचारलं, प्रोसेस स्टेबल आहे का, चार्ट दाखवा. टूल बदललं तिथून मीन, म्हणजे सरासरी, सरकलेली होती, मी बघितलंच नव्हतं. प्रोसेस स्टेबल नसेल तर सीपीकेच्या आकड्यावर विसंबताच येत नाही, हे त्याच सोडलेल्या आठवड्यात होतं.

तो आठवडा परत काढलाय. रविवारी सकाळी वही घेऊन बसतो, पाच-पाच रीडिंगच्या २५ सबग्रुपचा एक्सबार-आर चार्ट (सरासरी आणि रेंजचा कंट्रोल चार्ट) हातानं काढतोय. उरलेले आठवडे लागले तर बघू.