केरीकेरी आणि वाइमाते: फळ्यांच्या भिंतींची दोन घरं

ऑकलंडहून उत्तरेला साधारण साडेतीन तास गाडी हाकली की केरीकेरीचं खाडीकाठचं, ख्रिस्ती मिशनऱ्यांचं ठाणं येतं. इथलं दगडी 'स्टोन स्टोअर' रुबाबदार आहे, त्यामुळे बहुतेकांना तेच आधीचं वाटतं. प्रत्यक्षात शेजारचं पांढरं लाकडी 'केम्प हाउस' त्याच्याहून दहा वर्षांनी थोरलं. ते १८२१-२२ मधलं, न्यूझीलंडमध्ये आज उभी असलेली सर्वांत जुनी युरोपीय इमारत.

आत जायची घाई करू नका, आधी भिंत बघा. आडव्या फळ्या खालून वर लावत जातात. वरच्या फळीची कड खालच्या फळीवर चढलेली असते, म्हणजे पाऊस बाहेरच्या बाहेर निथळतो. खिळा मारताना तो खालच्या फळीच्या वरच्या कडेला चुकवून फक्त वरच्या फळीतून जायला हवा. दोन्ही फळ्या एकाच खिळ्यात अडकल्या तर लाकूड आक्रसताना जागा मिळत नाही आणि फळी लांबीच्या दिशेने चिरते. कूज मात्र बहुधा दोनच ठिकाणी सुरू होते: जमिनीलगतच्या फळीत, आणि कोपऱ्यावर, जिथे फळीची उघडी टोकं पाणी पितात. भेगाळलेल्या रंगाआड ओल कोंडली की बाहेरून काही कळत नाही. जुन्या घराला हात लावून बघायचा मोह होतो, तेवढा आवरा.

या जागेला खरा धोका पुराचा होता. १९८१ च्या पुरात खाडीकाठचा हा भाग पाण्याखाली गेला. पुढे २००८ मध्ये वळणरस्ता (बायपास) झाला आणि घराजवळचा, पाणी अडवणारा पूल काढला गेला.

घर बांधलं पाद्री जॉन बटलरसाठी. तो १८२३ मध्येच इथून निघून गेला. नाव राहिलं ते लोहार जेम्स केम्पचं, कारण त्याचं कुटुंब १८३२ पासून १९७४ पर्यंत इथेच राहिलं आणि मग त्यांनी घर देशाच्या वारसा संस्थेला देऊन टाकलं. पण मिशनरी इथे टिकले ते न्गापुही या माओरी जमातीचा सरदार होंगी हिका याच्या आश्रयामुळे, हे विसरता कामा नये. त्याचा कोरोरिपो पा, म्हणजे तटबंदीचं ठाणं, पलीकडच्याच टेकाडावर आहे. तिथवर चढून जा, नाहीतर गोष्ट अर्धीच कळते. आवारातलं नाशपतीचं झाड १८१९ चं आहे, तेही चुकवू नका.

दुसरं घर आतल्या बाजूला, 'ते वाइमाते' इथे. १८३२ मध्ये जॉर्ज क्लार्कच्या देखरेखीखाली माओरी सुतारांनी कौरी या तिथल्या झाडाच्या लाकडात ते उभं केलं. इथल्या तीन मिशन घरांपैकी हे एकच उरलंय. डिसेंबर १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन या ठाण्यावर आला. न्यूझीलंड त्याला फारसं आवडलं नाही, पण वाइमातेची शेतं आवडली. १८४२ पासून दोन वर्षं न्यूझीलंडचा पहिला अँग्लिकन बिशप सेल्विन याचा मुक्काम इथे होता.

एका दिवसात दोन्ही घरं सहज होतात. हिवाळ्यात वेळा कमी असतात, त्या आधी बघून घ्या. केरीकेरी सकाळी गाठा, वाइमाते दुपारी.